काळ्यावरचं सोनं



आमच्या घराण्याच्या घड्याळाचा साधारण एक चौरस सेंटिमीटर भाग मी गेल्या महिन्यात पुसून टाकला. अक्षरशः पुसून टाकला, कापूस आणि भांडी घासायची पूड घेऊन. घड्याळ काकांचं आहे. काका हे सदर नेमाने वाचतात आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका फोन करून सांगतात. त्यामुळे इथे लिहिण्याआधी त्यांना फोन करणं भागच होतं. तो फोन कसा झाला ते शेवटी सांगतो. आधी घड्याळ.

साखळीचं, खिशात ठेवायचं घड्याळ आहे. मूळ पणजोबांचं. पणजोबा निजामाच्या रेल्वेत हिशेब खात्यात होते. काचीगुड्याचं स्टेशन 1916 मध्ये बांधलं गेलं तेव्हा ते नुकतेच नोकरीला लागले होते, असं घरात सांगतात. एक गोरा अधिकारी विलायतेला परत जाताना घरातलं सामान विकून गेला, त्यात पणजोबांनी हे घेतलं. दोन महिन्यांचा पगार त्यात गेला आणि पणजीने आठवडाभर अबोला धरला. हा अबोल्याचा भाग आमच्याकडे प्रत्येक लग्नकार्यात सांगितला जातो आणि दरवेळी अबोला दोन-चार दिवसांनी वाढतो.

घड्याळाची केस पोलादाची आहे, काळीभोर. पाठीवर सोन्याची वेल आहे. वेलीत समोरासमोर दोन पक्षी आणि कडेने एक बारीक पट्टी, कापडाच्या किनारीसारखी. मागचं झाकण उघडलं की आत आणखी एक झाकण लागतं. त्यावर फ्रेंचमध्ये तीन ओळी कोरल्या आहेत: रेमोंत्वार, सिलँद्र, दी रुबी. यातली शेवटची ओळ आमच्या घरात फार गाजलेली आहे. कोणीतरी कधीतरी कोणालातरी विचारून तिचा अर्थ लावला, ‘दहा माणकं’. त्या दिवसापासून हे घड्याळ ‘दहा माणकांचं घड्याळ’ झालं. आजीच्या पिढीत तर ते विकलं तर नारायणगुड्यात घर येईल असा समज होता.

माणकं खरोखरच आहेत, पण तिळापेक्षा बारीक. घड्याळातली चाकं ज्या आसांवर फिरतात, त्या आसांची टोकं धातूच्या भोकात फिरली तर भोक झिजतं. म्हणून तिथे भोक पाडलेला कठीण दगड बसवतात. आधी दागिन्याला न चालणारे बारीक खडे वापरत. 1902 मध्ये ऑग्युस्त व्हर्नेय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने कृत्रिम माणिक बनवायची पद्धत जाहीर केली, आणि मग तर ते आणखी स्वस्त झाले. बाकीच्या दोन ओळींपैकी ‘रेमोंत्वार’ म्हणजे वेगळी किल्ली न लागता वरच्या गुंडीने चावी देता येणारं, आणि ‘सिलँद्र’ हे आतल्या यंत्राच्या जातीचं नाव. लंडनच्या जॉर्ज ग्रॅहॅमने 1726 च्या सुमारास ही रचना नीट बसवली. पुढे तिच्यापेक्षा चांगली रचना आली तरी स्वित्झर्लंडमधले कारखाने दीडशे वर्षांनंतरही स्वस्त घड्याळांत हीच घालत राहिले. म्हणजे हा मजकूर अगदी साध्या स्विस घड्याळांवर असतो. नारायणगुड्यात घर सोडाच, घराचं दारसुद्धा येणार नाही. हे मी काकांना दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. ते म्हणाले, ‘हं.’ आणि पुढच्या कार्यात परत ‘दहा माणकं’.

या सगळ्या वर्षांत घड्याळाची जी बाजू खरी बघण्यासारखी होती, तिच्याकडे आमच्यापैकी कोणी नीट बघितलंच नव्हतं. माणकांच्या नादात सगळे आतच बघत होते.

आता अपघात. काकांच्या नातवाची मुंज येत्या मे महिन्यात आहे आणि घड्याळ त्याला द्यायचं ठरलंय. ते सहा-सात वर्षं बंद होतं. काका म्हणाले, ‘तू इंजिनिअर ना, बघ जरा.’ मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण आपल्या घरांत बीई झालेल्या माणसाकडे मिक्सर, गीझर, वायफाय आणि पणजोबांचं घड्याळ हे सगळं सारख्याच विश्वासाने येतं, हे तुम्हालाही माहीत असेल. दुरुस्तीला देण्याआधी म्हटलं जरा चकचकीत करू. पाठीवर तपकिरी ठिपके होते, ते गंजाचे होते हे बरोबर ओळखलं. मग पितळेची भांडी घासायची पूड ओल्या कापसावर घेतली आणि कडेपासून सुरुवात केली.

कापूस काळा झाला. मला इतका आनंद झाला! म्हटलं, शंभर वर्षांचा मळ आहे, निघतोय. आणखी घासलं. कापूस आणखी काळा झाला, खालून पांढरं पोलाद चमकायला लागलं. डाव्या पक्ष्याच्या शेपटीपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं की शेपटी दिसत नाहीये. सोनं निघालं असं वाटून पोटात गोळा आला. खिडकीशी नेऊन तिरकं धरून बघितलं. सोनं जागच्या जागी होतं, पण पांढऱ्या पोलादावर ते उठून दिसेना. उजेड एका बाजूने आला की दिसे, समोरून आला की नाहीसं होई.

दुसऱ्या दिवशी चारमिनारच्या बाजूला एक म्हातारे घड्याळजी बसतात त्यांच्याकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, पाठ बघितली, भिंग काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

‘किसने किया ये?’

‘साफ कर रहा था चाचा. मैल था.’

‘मैल नहीं था मियाँ, काम था काम.’

मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि दाखवलं. पुढचे तीन आठवडे मी याच विषयात बुडालेला आहे, ऑफिसच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून सुद्धा. ते सगळं सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

पोलादावर सोनं बसवायचे दोन मार्ग आहेत. पहिला जुना आणि कष्टाचा. पोलादात नक्षीच्या रेषेप्रमाणे खाच कोरायची, ती तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, म्हणजे सुतार पेटीच्या कोपऱ्याला घालतो तसल्या सांध्यासारखी. त्यात शुद्ध सोन्याची तार ठेवून ठोकायची. सोनं मऊ, ते दाबलं की आतल्या रुंद जागेत पसरतं आणि अडकतं. आपल्याकडे या कामाला तहनिशान म्हणतात. दुसरा मार्ग असा: पोलादाच्या सगळ्या पृष्ठभागावर धारदार हत्याराने दोन-तीन दिशांनी अतिशय बारीक, जवळजवळ रेघा मारायच्या. पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. त्यावर सोन्याची तार किंवा पातळ पत्रा ठेवून ठोकला की रेघांचे बारीक दात सोन्यात रुततात आणि ते पकडून ठेवतात. स्कूटरच्या सीट कव्हरची ती चरचर आवाज करत निघणारी पट्टी असते ना, तसंच थोडंफार. याचं आपल्याकडचं नाव कोफ्तगिरी. फारसीत कोफ्तन म्हणजे कुटणं, ठोकणं. कोफ्ता करीतला कोफ्ताही तिथूनच आला. हैदराबादकरांना हे सांगायला नको.

दोन्हींत डाग नाही, गोंद नाही, काही नाही. नुसतं ठोकून बसवलेलं सोनं शंभर वर्षं राहतं.

सोनं बसल्यावर मग काळं करायचं काम. पोलादाचा तुकडा क्षारांच्या उकळत्या द्रावणात बुडवतात. लोखंडावर काळ्या ऑक्साइडचा थर चढतो, सोन्याला त्या द्रावणाने काहीही होत नाही. शेवटी सोन्यावर बारीक ठशांनी पक्ष्याचे डोळे, पिसं, पानांच्या शिरा काढतात. म्हणजे कारागिराने सोन्याइतकाच विचार त्या काळ्याचा केलेला असतो. आणि तो काळा थर असतो किती? एक-दोन मायक्रॉन. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा धरा. त्यावर मी भांड्यांची पूड घेऊन चढलो होतो.

घड्याळजींचं बोट पुसलेल्या जागेवर होतं. भिंगातून तिथे आता सोन्याच्या कडेला पोलादावरच्या त्या आडव्या-उभ्या रेघा स्पष्ट दिसतात. काळं होतं तेव्हा त्या दिसत नव्हत्या. एवढाच काय तो माझ्या पराक्रमाचा फायदा: काम दुसऱ्या पद्धतीचं आहे हे कळलं. ‘स्पेन का है,’ ते म्हणाले.

स्पेनच्या उत्तरेला बास्क प्रांतात एबार नावाचं डोंगराच्या खोबणीत बसलेलं गाव आहे. फुटबॉल बघणाऱ्यांनी नाव ऐकलं असेल. 2014 ते 2021 एबारचा संघ स्पेनच्या वरच्या साखळीत होता आणि बार्सिलोना, रियल माद्रिदशी खेळत होता. त्या संघाला ‘आर्मेरोस’ म्हणतात, म्हणजे बंदुका बनवणारे, कारण हे गाव शेकडो वर्षं बंदुकांचं गाव होतं. एकोणिसाव्या शतकात तिथे सुलोआगा नावाचं बंदूककारांचं घराणं होतं. एउसेबिओ सुलोआगाने राजघराण्यासाठी हत्यारं केली आणि लंडनच्या 1851 च्या मोठ्या प्रदर्शनात आपलं काम मांडलं. त्याचा मुलगा प्लासिदो, 1834 चा जन्म, याने पोलादावर रेघा मारून सोनं ठोकायची पद्धत इतकी सफाईदार केली की हाताखाली तयार झालेले कारागीर पुढे स्वतःची दुकानं काढून बसले आणि गावाचा तो धंदाच झाला. त्याला आल्फ्रेड मॉरिसन नावाचा एक श्रीमंत इंग्रज गिऱ्हाईक मिळाला होता, त्याच्यासाठी त्याने वर्षानुवर्षं पेट्या आणि फुलदाण्या केल्या. प्लासिदोचा मुलगा इग्नासिओ मात्र हातोडी सोडून चित्रकार झाला आणि बापापेक्षा प्रसिद्ध झाला. (बीईनंतर एमबीए न केलेल्यांनी ही गोष्ट घरी सांगावी.)

राजे आणि श्रीमंत इंग्रज किती असणार? गावात कारागीर भरपूर झाले, तेव्हा तेच काम लहान वस्तूंवर उतरलं: पिना, लॉकेटं, सिगारेटच्या डब्या आणि खिशातल्या घड्याळांच्या केसा. त्या काळात घड्याळाची काळी पोलादी केस फॅशनमध्ये होती. तिला बाजारात ‘गनमेटल’ म्हणत, म्हणजे नाव बंदुकीचं, धातू साधं पोलाद. चांदीपेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडायची. बंदुकीच्या नळीवर सोनं ठोकणाऱ्याला घड्याळाच्या पाठीवर ठोकायला नवीन काही शिकावं लागत नाही. स्पॅनिश हाताने सजवलेली केस आणि पोटात साधं स्विस यंत्र, अशी जोडी तेव्हा नवलाची नव्हती. आमच्या घड्याळाचं नेमकं हेच झालंय. दहा माणकांचा भाग तो कारखान्यातला, हजारांनी निघालेला. पक्ष्यांचा भाग कोणीतरी एकाने बसून केलेला.

या कामाला युरोपात सगळीकडे दमास्कसच्या नावाने ओळखतात, स्पॅनिशमध्ये ‘दमास्किनादो’. इथे एक घोळ आहे आणि त्यात मी दोन रात्री अडकलो. दमास्कस पोलाद ही वेगळी चीज. त्यात वरून काही बसवलेलं नसतं, पोलादाच्या अंगातच पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असते. ते ज्या कच्च्या पोलादापासून होई ते ‘वुट्झ’ दक्षिण भारतातून जायचं, आणि त्याचं एक मोठं केंद्र आपल्या निजामाबादकडचं कोनसमुद्रम. तिथे इराणी व्यापारी येऊन मुक्काम ठोकत. आणि तिसरा प्रकार म्हणजे अमेरिकन घड्याळवाल्यांचा. वॉल्थम, एल्जिन वगैरे कंपन्या यंत्राच्या आतल्या पट्ट्यांवर मशीनने चमकत्या लाटा, चकत्या काढायच्या आणि त्यालाही हेच नाव द्यायच्या. त्यामुळे जुन्या घड्याळाच्या जाहिरातीत दमास्कसशी जुळणारा शब्द दिसला की आधी विचारा: नक्षी बाहेर आहे की आत, आणि सोनं आहे की नुसती चकाकी.

दुसऱ्या रविवारी सालारजंग म्युझियमला गेलो. लहानपणी शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा सगळे जातात तसाच गाण्याच्या घड्याळापाशी जाऊन बसलो होतो. तास भरला की तो छोटा माणूस बाहेर येतो आणि टोले देतो, ते बघायला. या वेळीही बाराच्या टोल्यांसाठी अर्धं म्युझियम तिकडे पळालं आणि हत्यारांच्या दालनात मी जवळपास एकटा. तलवारींच्या मुठी, कट्यारी, त्यांवर पोलादावर सोनं. नाक काचेला लावून बघत होतो. एका मुठीवर जिथे हात धरला जातो तिथलं सोनं झिजून गेलं होतं, आणि तिथे दिसत होत्या त्याच आडव्या-उभ्या रेघा. पहारेकरी म्हणाला, ‘साब, काच से दूर.’

आपल्याकडचे कोफ्तगर मूळचे हत्यारांवर काम करणारे. पंजाब 1849 मध्ये इंग्रजांकडे गेला, तलवारी-चिलखतांची मागणी बसली, तेव्हा सियालकोटकडच्या कोफ्तगरांनी तबकं, डब्या, कागद कापायच्या सुऱ्या असल्या वस्तू साहेबांसाठी करायला सुरुवात केली. राजस्थानात उदयपूरला काही घराणी आजही तलवारी-कट्यारींवर हे काम करतात. एबारला पुढे असंच झालं: बंदुकांचा धंदा मंदावला तेव्हा त्याच गावातल्या ऑर्बेआ कंपनीने बंदुका सोडून सायकली करायला घेतल्या, आणि तुमच्यापैकी सायकलवेड्यांना ते नाव माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. 1851 च्या ज्या प्रदर्शनात एउसेबिओचं काम होतं, त्याच काचेच्या इमारतीत हिंदुस्थानच्या विभागात कोफ्तगिरीचं काम होतं आणि बिदरीही होती. कोणी कोणाचं बघितलं असेल का, हा विचार मला फार आवडतो.

बिदरीचं नाव निघालं म्हणून. आपल्या बहुतेकांच्या घरी शोकेसमध्ये एक तरी बिदरीची वस्तू असते, कोणाच्या तरी निवृत्तीला मिळालेली. तिथे पोलाद नाही. जस्तात थोडं तांबं घालून ओतलेला धातू असतो आणि सोन्याऐवजी बहुधा चांदी. पण डोकं तेच. ओतलेली वस्तू घासून पांढरी केली की तिच्यावर मोरचुदाचं पाणी लावून ती तात्पुरती काळी करतात, म्हणजे कोरताना रेघ दिसावी. चांदी ठोकून झाली की सगळं घासून परत एकसारखं पांढरं. या टप्प्याला वस्तू हातात घेतली तर नक्षी जवळजवळ दिसतच नाही. मग बिदरच्या किल्ल्यातली जुनी माती नवसागराबरोबर पाण्यात कालवून गरम करतात आणि वस्तूला लावतात. धातू काळा पडतो, चांदी तशीच राहते, आणि एका क्षणात सगळी वेल उमटते. हे मी बिदरला एकदा प्रत्यक्ष बघितलंय, तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. इतकं बघूनही घरच्या घड्याळावरचं काळं मला मळ वाटलं. त्या काळ्याला काय म्हणावं? वाद घालायला जागाच नाही.

दुरुस्तीचं काय, हे मी घड्याळजींना पहिल्याच दिवशी विचारलं. पहिला विचार अर्थातच तेवढा भाग परत काळा करायचा. बाटलीत मिळणारं थंड रसायन लावता येतं, पण त्याची छटा शेजारच्या जुन्या काळ्याशी जुळत नाही आणि ते टिकतही नाही. दुसरा मार्ग म्हणजे सगळी केस सोलून पांढरी करायची आणि नव्याने पूर्ण काळी करायची. म्हणजे मी एक चौरस सेंटिमीटर घालवला, तो लपवण्यासाठी उरलेलं सगळं घालवायचं. तापवून निळं-काळं करायचं म्हटलं तर तीनशे अंशांच्या आसपास न्यावं लागेल आणि झाकणाच्या स्प्रिंगचा ताव जाईल. मी हे तिन्ही पर्याय वहीत लिहिले, नफा-तोटा मांडला, ऑफिसात करतो तसं. मग वही मिटली. जागा आहे तशी ठेवायची. फक्त उघड्या पोलादावर आपल्या पावसाळ्यात गंज धरू नये म्हणून मेणाचा अगदी पातळ हात. गंजाचे जुने ठिपके त्यांनी तेलात भिजवून, लाकडी काडीने, काळ्याला न लागता जितके निघाले तितकेच काढले. दोन तास लागले. मी तेवढ्या वेळात पूर्ण केस ‘साफ’ केली असती.

यंत्रही त्यांनी खोलून धुतलं, तेल घातलं. एक आस झिजला होता, तो बदलला. मी मधेच हुशारी म्हणून केस पोलादाचीच आहे ना हे बघायला खिशातून की-चेनचं लोहचुंबक काढलं, तर त्यांनी हातावर चापट मारली. घड्याळातली केसाएवढी बारीक स्प्रिंग चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. माझी इंजिनिअरिंगची इज्जत त्या दुकानात आता फारशी उरलेली नाही.

तुमच्या घरी असं काही असेल, आणि जुन्या कपाटांत बरंच काही असतं, तर एवढं करा. काळ्या धातूवर सोनेरी किंवा रुपेरी नक्षी असेल तर कोणतीही पूड, पेस्ट, लिंबू, चिंच, टूथपेस्ट त्याच्या जवळ नेऊ नका. मऊ कोरडं कापड पुरे. हाताचा घाम पोलादाला वाईट, म्हणून हाताळल्यावर पुसून ठेवा आणि बुटांच्या खोक्यात मिळतात त्या ओलावा शोषणाऱ्या पुड्या डब्यात टाका. विकत घ्यायचा विचार असेल तर अंगठ्याने नक्षीवरून हळूच फिरवा. ठोकलेलं सोनं बहुधा किंचित उंच लागतं. आणि भिंगातून कडा बघा. हाताने ठोकलेल्या दोन पानांची कड कधी तंतोतंत सारखी नसते. छापलेली असते. चांदीच्या केसेवर काळ्या रेषा भरलेली जुनी घड्याळंही मिळतात. ते मीनाकामाच्या जवळचं वेगळं काम आहे, त्यात काळं आत भरलेलं असतं. तेही छान, पण या लेखातलं नव्हे.

आता फोन.

काकांना रात्री नऊला केला, बातम्या संपल्यावर. सगळं एका दमात सांगितलं: पूड, कापूस, शेपटी. पलीकडे शांतता.

‘कुठली बाजू?’

‘मागची. खालच्या अंगाला. डावा पक्षी.’

‘हं.’ परत शांतता. मग म्हणाले, ‘अरे, आजोबा दसऱ्याला शस्त्रांबरोबर ते पाटावर ठेवायचे. लेखणी, रेल्वेची किल्ली आणि ते. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. आम्हाला वाटायचं, माणकांमुळे.’

मी काय बोलणार?

‘चालतंय का?’

‘चालतंय काका. दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. त्या जातीच्या यंत्राला एवढं चालायचंच.’

‘मुंजीत मुलाच्या हातात देताना कोणीतरी विचारणार, हे पांढरं काय म्हणून.’

‘मी सांगेन.’

‘तूच सांग. मी नाही सांगणार.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आणि एका कागदावर लिहून काढ. कोणाचं, कुठून आलं, हे काम काय असतं, तू कधी काय केलंस, कोणी दुरुस्त केलं. तारखा घालून. पेटीत ठेवू.’

रविवारी बरकतपुऱ्याला जाऊन घड्याळ आणि कागद दोन्ही देऊन आलो. काकांनी आधी चावी दिली, कानाशी धरलं. मग चष्मा लावून पाठ बघितली, बराच वेळ, दोन्ही पक्षी. मग कागद घेतला, दोन ठिकाणी दीर्घचा ऱ्हस्व केला, ‘अबोला आठवडाभर’ खोडून ‘पंधरा दिवस’ केलं आणि खाली सही केली.